एका तोंडाची हाक

त्या रविवारी संध्याकाळी आबांनी हाक दिली आणि मास्तरीण सगळ्यांत शेवटी आली. एवढाच काय तो फरक. बाकी दिवस रोजच्यासारखाच होता.

मास्तरीण म्हणजे आमची थोरली डुकरीण, रोज सगळ्यांच्या पुढे चालणारी. आबा, म्हणजे माझे वडील सांडू धोत्रे, चिकलठाण्याच्या पलीकडे सुखना नदीच्या काठी डुकरं पाळायचे. आम्ही वडार. आजा दगड फोडायचा, आणि त्याने एका काळ्या दगडातून टाकीने कोरलेली लांब डोण आमच्या घरामागच्या आवारात होती. दिवसभर डुकरं नदीच्या पात्रात आणि वेड्या बाभळींत मोकळी फिरत. दिवस कलला की आबा मंगल कार्यालयांतून आणलेलं उरलंसुरलं अन्न मोठ्या पातेल्यात उकळत, निववून डोणीत ओतत, आणि मग बांधावर उभे राहून हाक देत. पात्रात आधी काही हलायचं नाही. मग बाभळी हलू लागत, आणि काळ्या पाठींची एक रांग चढ चढून घराकडे यायची.

ज्याची डुकरं, त्याची हाक वेगळी. शेजारच्या आवारातली डुकरं आबांच्या हाकेला मान वर करत नसत आणि आमची त्यांच्या हाकेला. आबांना ती आजाकडून मिळाली होती, आजा थकल्यावर. तोवर आबांनीही ती कधी तोंडाबाहेर काढली नव्हती. हाक एका तोंडाची असते असं आमच्याकडे मानतात. दोन तोंडांतून ऐकली की जनावर बिथरतं, कुणाचं ऐकावं ते त्याला कळत नाही. आणि डोण भरल्याशिवाय हाक द्यायची नाही. हाक म्हणजे अन्न. रिकामी हाक दिली की ती खोटी झाली, आणि खोटी झालेली हाक परत खरी होत नाही.

मी एकुलती एक मुलगी. हाक माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. मी शिकणार, दुसरीकडे जाणार. पण रोज ऐकून ती मला पाठ होती. खालून सुरू होऊन कुठे वर चढते, कुठे आवाज मुद्दाम फोडायचा, शेवटचे साधे शब्द किती सावकाश सोडायचे, सगळं. लहानपणी आबांच्या मागे उभी राहून मी नुसते ओठ हलवायची. एकदा आईने पाहिलं आणि तोंडावर चापट मारली. "आवाज कुठं काढला मी?" म्हणून मी रडले. "काढशील एखाद दिवशी," ती म्हणाली.

तर त्या रविवारी. मी सिडकोत राहते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, आणि रविवारी चिकलठाण्याला जाते. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. डोणीभोवती ढकलाढकली चालू होती आणि मास्तरीण अजून चढावरच होती.

"आज तुमच्या मास्तरणीनं खाडा केला वाटतं," आई म्हणाली.

"रविवार हाय ना. मास्तरांना सुट्टी असती." आबा माझ्याकडे वळले. "का गं सुलेखा, हाय का नाय?"

"मी मास्तरीण नाही, आबा. मी ग्रंथालयात आहे."

"तेच ते. पुस्तकात तोंड घालून बसायचं अन् मंग समद्यांना शिकवायचं."

"बघ गं," आई मेथीच्या जुडीशी बोलत असल्यासारखी म्हणाली, "लगीन होऊन एवढी वर्सं झाली, पर ह्या माणसानं मला कवा नावानं हाक मारली नाय. 'अगं ए' अन् 'ऐकलं का'. डुकरांना मातर रोज गाणं."

"हाक लांबच्याला मारत्यात, मुक्ते," आबा म्हणाले. "तू कवा लांब व्हतीस?"

आईने मान वर केली. तिचं नाव त्यांच्या तोंडून मीही पहिल्यांदाच ऐकत होते. "मेली मेथी लई निबर हाय आज," असं म्हणून तिने पुन्हा मान खाली घातली.

मास्तरीण आली. डोणीजवळ उभी राहिली, पण तिने तोंड घातलं नाही. आबांनी तिच्या कानामागे खाजवलं, पोटाखालून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "पोटुशी दिसती. अंग तापलंय. जड झालीय म्हणून मागं राहिली." त्यांनी तिच्यासाठी थोडं अन्न वेगळं काढून पुढ्यात ठेवलं. तिने ते हुंगलं आणि तिथेच टेकली. "ऱ्हाऊ दे, माय. मागनं खा," असं म्हणून आबा हात धुवायला गेले. मी मेथीची भाजी आणि भाकरी बांधून घेऊन शेवटच्या रिक्षाच्या आत निघाले.

नंतर मला कितीदा वाटलं, की त्या संध्याकाळी कुणीतरी काहीतरी ओळखायला हवं होतं. पण ओळखण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एक डुकरीण उशिरा आली, आणि एक माणूस त्याने खूश झाला.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मास्तरीण गेली. तिच्यामागे आणखी दोन-तीन. मी दुपारीच रजा टाकून गेले. उरलेल्यांतली बरीच एकमेकांना चिकटून भिंतीशी पडली होती, थंडी वाजत असल्यासारखी. त्यांच्या कानांची टोकं जांभळी पडली होती. एकाच्या नाकातून रक्ताचा धागा लोंबत होता. आबा त्यांच्यामध्ये उकिडवे बसले होते आणि काही करत नव्हते. त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

काकासाहेब मामा, आईचा भाऊ, टेम्पो घेऊन आला होता. तोही डुकरं पाळतो, लासूर स्टेशनच्या बाजूला.

"दाजी, चालती-फिरती आत्ताच भरा गाडीत. माझ्याकडं नेऊन ठिवतो, दोन-तीन गिऱ्हाईकं बी हायत. डॉक्टर आला की समदी जातील, सांगून ठिवतो. आसामात, केरळात ऐकलं न्हवं का? आजारी, बरं, काय बघत नाय ते सरकार. समदी."

"अन् तुझ्याकडं गेल्यावर तुझ्यांना झालं तर?"

"माझं म्या बघतो."

"अन् त्या गिऱ्हाइकाच्या?"

मामाने टेम्पोचा फाळका वर उचलून लावला. मग म्हणाला, "तुमच्यावानी माणसानं डुकरं पाळायची नसतात, दाजी. तुम्ही गाय पाळायला पायजे व्हती."

आबा हसले नाहीत. "सुलेखा, तो पोरगा डॉक्टर हाय ना सरकारी, त्याला फोन लाव," ते म्हणाले. मी लावला. मामाने रिकामा टेम्पो वळवला, आणि जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ.

डॉक्टर अम्मार तिशीतला असेल. जनावरांच्या लसीकरणाला वस्तीत येऊन गेलेला, म्हणून नंबर होता. तो पांढरा अंगरखा, हातमोजे घालून आत गेला, रक्ताच्या नळ्या भरल्या, एक मेलेलं पिल्लू उघडून आतलं थोडं काढून घेतलं. बाहेर आल्यावर त्याने सगळं काढून एका पिशवीत बांधलं, बुटांवर औषध फवारलं, आमच्याही चपलांवर फवारलं. आई चहा घेऊन दारात अडखळली.

"सायेब, आमच्या घरचा चहा... चालंल का तुम्हाला?" आबांनीच विचारलं.

"चाचा, चहात कुठं डुक्कर असतं? साखर तेवढी कमी टाका, बस." त्याने कप घेतला. आई आत वळून हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"आमच्यापायी तुम्हाला ह्यांना हात लावावा लागला," आबा म्हणाले.

"जनावर आहे ते, चाचा. अम्मी रोज विचारते, आज काय केलं. मी सांगतो, इलाज केला. आज काय सांगू?" तो कपात बघत म्हणाला. "नमुने भोपाळला जातील. रिपोर्ट येईपर्यंत एकही जनावर बाहेर जाऊ देऊ नका. पण मी जे समजतोय तेच असेल तर ह्याला औषध नाही. आपल्याकडे लस पण नाही."

"माणसाला व्हतो का?" आईने विचारलं.

"नाही, चाची. माणसाला काहीच होत नाही. फक्त डुकरांना होतो."

"आला कुठनं मंग?" आबांनी विचारलं. "म्या तर समदं उकळून घालतो. हिला इचारा."

"कुठूनही येतो. उष्ट्यातून, कच्च्या मांसातून. गाडीच्या चाकाला लागून. माणसाच्या चपलेला लागून, त्याला स्वतःला माहीत पण नसतं. कधी कळतच नाही, चाचा."

आबांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. मग हातांकडे. त्या दिवसापासून ते हात मांडीखाली दाबून बसू लागले.

रिपोर्ट येईपर्यंत मी वाचत राहिले. वाचणाऱ्या माणसाची ही एक खोडच असते. कळलं की थोडं आवरता येईल असं त्याला वाटतं. मी वाचलं की डुकरांच्या ह्या तापाचा विषाणू जुना आहे, पण आपल्याकडे नवा. दोन हजार वीसच्या सुमारास ईशान्येकडून आत आला. आफ्रिकेतल्या एका जातीच्या रानडुकरांच्या अंगात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि त्यांना काही करत नाही. तिथल्या गोचिडी आणि ती रानडुकरं यांचं त्याच्याशी जमलेलं आहे. आमच्या पात्रातल्या डुकरांशी त्याची ओळख नव्हती, म्हणून तो त्यांना जिवंत ठेवत नव्हता. लम्पी आली तेव्हा वस्तीतल्या गायींना लस मिळाली होती, काही वाचल्या होत्या. इथे कुणी वाचणार नव्हतं. हे सगळं मला नीट कळलं, आणि फोनवर आई "काय म्हणतं पुस्तक?" असं विचारायची तेव्हा मी म्हणायची, "बघतेय अजून."

वस्तीबाहेर बातमी पसरली. मंगल कार्यालयवाल्यांनी अन्न देणं बंद केलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने आईला सामान दारातूनच दिलं, नोट चिमटीत धरून घेतली. "मला काय डुक्कर समजतो काय मेला," ती म्हणाली. "मंग मलाच व्हायला पायजे व्हता हा आजार. ती तर वाचली असती."

रिपोर्ट आला, आणि अम्मार समजत होता तोच रोग निघाला. एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारून पुरायची, असा आदेश निघाला. शेजाऱ्यांनी डुकरं पाळणं कधीच सोडलं होतं, त्यामुळे तेवढ्या अंतरात आमचंच आवार होतं.

अडचण अशी होती की निम्मी डुकरं आवारात नव्हती. आजारी पडल्यावर डुक्कर थंडावा शोधतं. काही कुंपणाखालून निसटून पात्रात, बाभळींच्या जाळीत शिरली होती. सकाळी पथक आलं, पांढऱ्या अंगरख्यांत, जाळ्या घेऊन. त्यांनी प्रयत्न केला. जाळी पाहिली की ती आणखी आत पळत, नदीच्या वरच्या अंगाला. अम्मार घामाघूम होऊन बांधावर आला.

"चाचा, पळाली तर हा रोग दहा गावांत जाईल. फुलंब्रीपर्यंत जाईल. ती फक्त तुमच्या आवाजाला येतात असं लोक सांगतात." त्याने तोंडावरचा घाम पुसला. "बोलवाल का?"

आबांनी नदीकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. आणि नाही म्हटल्यावर काय होईल तेही मला माहीत होतं.

"बोलवतो," ते म्हणाले. "पर डोण रिकामी हाय."

"चाचा, आता जेवणाचं काय..."

"रिकामी हाक म्या जल्मात दिली नाय, सायेब. आज तर नायच देणार."

अन्न आणणार कुठून? कार्यालयांची दारं बंद होती. आबा आईकडे वळले. "मुक्ते, पीठ किती हाय?"

आई आत गेली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन बाहेरच्या चुलीशी बसली. मी जाळ केला. ती भाकरी थापत होती आणि मी भाजत होते, आणि बांधावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने बसून वाट बघत होती. जेसीबी पलीकडच्या पडीत खड्डा खोदत होता. थापण्याचा आवाज आणि जेसीबीचा आवाज, दुसरं काही नाही. डबा खरवडून संपल्यावर आईने घरातल्या गुळाचा खडा फोडला. भाकरी कोमट पाण्यात कुस्करून, गूळ घालून, आबांनी स्वतःच्या हातांनी डोण भरली. कडेपर्यंत भरली. मग पाठ सरळ करून बांधावर जाऊन उभे राहिले.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

खाकरून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली, कोरडी. हात मानेवर गेला, खाली आला. पथकातल्या कुणीतरी "पाणी द्या, पाणी" म्हटलं. आईने तांब्या नेला. ते प्यायले. पुन्हा नाही.

अम्मार माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला येते का ती हाक?"

मला येत होती. गळ्यापर्यंत आली होती. माझ्या वडिलांना त्यातून सोडवायचं असेल तर एवढंच करायचं होतं; तोंड उघडायचं. मी बांधाकडे एक पाऊल टाकलं.

आबांनी ऐकलं होतं. ते वळले. "नगं," ते म्हणाले, आणि तो आवाज मात्र स्पष्ट होता. "तिच्या तोंडी ही नगं. पयलीच हाक ही नगं."

मग त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, नदीकडे वळले, आणि हाक दिली.

रोजच्यासारखी दिली. एक सूर इकडे-तिकडे नाही. खालून वर गेली, फुटायची तिथे फुटली, शेवटचे शब्द सावकाश सुटले. पात्रात काही हललं नाही. मग बाभळी हलल्या. एक पाठ दिसली, मग दुसरी. ती चढाला लागली, काही चालत, काही पाय ओढत. एक मध्येच बसलं, उठलं, पुन्हा चाललं. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या मधून ती आली, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्यांना खाववत होतं त्यांनी डोणीत तोंड घातलं. ज्यांना खाववत नव्हतं ती डोणीला टेकून उभी राहिली, कारण हाकेनंतर उभं राहायची जागा तीच होती.

आबा एकेकाच्या कानामागे खाजवत गेले. मोजत नव्हते, फक्त कुणी राहिलं नाही ना बघत होते. अम्मार घड्याळाकडे न बघता उभा होता. त्याच्यामागची माणसं चुळबुळ करू लागली तेव्हा त्याने हाताने त्यांना थांबवलं.

"खाऊ द्या पोटभर," आबा म्हणाले.

"खाऊ द्या, चाचा," तो म्हणाला.

खाऊन झाल्यावर आबा कुंपणाबाहेर आले आणि फाटकाची कडी स्वतः लावली. आईने त्यांना आत नेलं. मी थांबले, कुणीतरी थांबायला हवं म्हणून. जे झालं ते लवकर झालं आणि व्यवस्थित झालं. कुणी वाईट वागलं नाही. खड्ड्यात चुना टाकला, मीठ टाकलं, माती लोटली. मिठाची रिकामी पोती वाऱ्याने कुंपणाला येऊन चिकटली. पथकाने आवार खराट्याने घासून औषधाने धुतलं, डोणही धुतली. इतकी स्वच्छ ती मी कधी पाहिली नव्हती. आजाच्या टाकीचे घाव दिसत होते. अम्मार जाताना दारात उभा राहिला. "चाचांकडे लक्ष ठेवा," एवढंच म्हणाला, आणि अंगरख्याची पिशवी उचलून गेला.

त्यानंतर आबांचा आवाज बसला तो बसलाच. बोलायचे, पण शेजारी बसल्याशिवाय ऐकू यायचं नाही. घशात काही नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. दिवस कलला की ते बांधावर जाऊन उभे राहायचे, तोंड मिटून. उजेड जाईपर्यंत.

"आता काय बघता तिथं?" आई ओट्यावरून विचारायची.

"काय नाय."

"मंग घरात या."

"येतो."

मी रविवारी जायची. काही महिन्यांनी पुन्हा डुकरं आणता येतील, असं अम्मारने फोनवर सांगितलं होतं. आवार मोकळं ठेवायचं, पुन्हा धुवायचं, मग आधी दोन-चार आणून बघायची. मी ते आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणू की," ते कुजबुजले. "पर बोलवू कशानं?"

"म्हणजे?"

"ती हाक खोटी झाली, पोरी. अन्न व्हतं, पर खोटी झाली."

मला म्हणायचं होतं, खोटी झाली नाही. डोण भरली होती, आईने डबा खरवडला होता, तुम्ही त्यांना शेवटचं पोटभर खाऊ घातलं. मला हेही म्हणायचं होतं की त्या दिवशी तुम्ही मला थांबवलंत, ते मला कळलं. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, माणसं एकमेकांना असलं काय काय म्हणतात त्यांत. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" ते म्हणाले, "ठिव."

संक्रांत झाली. एका संध्याकाळी ते बांधावर उभे राहिले नाहीत, डोणीच्या कडेला बसले. अंधार पडला तरी आले नाहीत म्हणून आईने ओट्यावरून हाक मारली. उत्तर नाही. आवाज बसलेल्या माणसाचं उत्तर ओट्यापर्यंत येणार नाहीच, म्हणून तिला काही वाटलं नाही. ती भाकरी करत राहिली. ताट वाढल्यावर बोलवायला गेली तेव्हा ते डोणीला टेकून होते. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मला पोचायला रिक्षा मिळेना. मी पोचले तेव्हा आई त्यांच्या हातांवरची माती पदराने पुसत होती.

तेराव्याला सगळे आले. काकासाहेब मामा टेम्पोतून पातेली घेऊन आला, कुणी भाजी चिरली, कुणी पुऱ्या लाटल्या. अम्मारही येऊन गेला. मागे, बायकांत, आईजवळ उकिडवा बसला आणि जाताना तिच्या पायांना हात लावून गेला. पंगती उठल्या. अन्न उरलं, तेराव्याला उरतंच. वरण-भात, बटाट्याची भाजी, बुंदी. धाकटी मावशी पातेलं कमरेवर घेऊन मागच्या दाराने आवाराकडे निघाली.

"हे नेते गं डुकरांना..." ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

मावशी पातेलं घेऊन उभी राहिली. ते कुठे ठेवावं ते तिला कळेना. आमच्या घरात उरलेलं अन्न कुठे न्यायचं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

मी ते तिच्याकडून घेतलं. दिवस कलला होता. आवारात गेले. फाटकाची कडी लावलेली होती. मी कडी काढली. डोणीत भात ओतला, त्यावर भाजी, त्यावर बुंदी, हाताने सारखं केलं. पातेलं अर्धंच होतं, डोण भरेना. तेवढ्यात आई मागून दुसरं पातेलं घेऊन आली आणि तिने तेही ओतलं. डोण कडेपर्यंत भरली.

आई कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या हाताला वरण लागलं होतं.

"म्या मारलं व्हतं तुला," ती म्हणाली. "तोंडावर. लहान व्हतीस."

"आठवतंय."

"आता कोण बिथरायचंय?" ती म्हणाली. "भरलीय डोण. जा."

मी बांधावर गेले. पलीकडे पात्र होतं, बाभळी होत्या, आणि पडीतला तो चौकोन, जिथे अजून गवत उगवलं नव्हतं. वाऱ्याने पुऱ्यांच्या तेलाचा वास येत होता. मागे घरातली माणसं दारात येऊन उभी राहिल्याचं मला कळलं, पण मी वळले नाही. आबा उभे राहायचे तिथे माती दबून दोन पावलांएवढी जागा झाली होती. मी त्या जागेत पाय ठेवले आणि तोंड उघडलं.

"ओऽऽ हुऱ्या ऽऽ... या गं माय, या ऽऽ... भाकर झाली ऽ... भाकर झाली."